जखमेचे टक्के, कामाचे टक्के

दसऱ्यानंतर रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात. ग्रामदैवताला सरकारी सलामी मिळण्याचं भाग्य फार थोड्या गावांना असतं. रोहेकर हे अभिमानाने सांगतात, आणि सांगताना नकळत त्यांचाही पाठकणा सरळ होतो.

त्याच रोह्यात कुंडलिकेच्या काठाने धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे गेलं की ताठ कण्याची दुसरी माणसं दिसतात. रासायनिक कारखान्यांच्या फाटकांवर एका हातात वही, दुसऱ्या हातात दोरीला बांधलेलं पेन. गाडीचा नंबर लिहून घेताना जो ‘साहेब, इथे सही’ असं तुटक आणि स्वच्छ म्हणतो, तो बहुधा फौजी. पलटणीतून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे समाजाने नेमून दिलेली जागा हीच, फाटकाजवळची. धडधाकट फौजीला तरी ती मिळते. ज्याचा पाय सीमेवर राहिला, त्याला तीही नाही.

हा लेख त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. त्याला पेन्शन किती मिळते, हा माझा मुख्य प्रश्न नाही. पेन्शन मिळते, तिच्यासाठी कोर्टात जावं लागतं, तो वेगळा आणि मोठा विषय. माझा प्रश्न साधा आहे. या माणसाने उद्या एखादा धंदा काढला, बूट शिवले, खुर्च्या केल्या, चादरी विणल्या, तर सरकार त्याच्याकडून काही विकत घेतं का?

पेण आणि रोहा हे तसे फौजींचे तालुके म्हणून प्रसिद्ध नाहीत. रायगड जिल्ह्यात तो मान महाड, पोलादपूर, माणगावकडे जातो. महाड तालुक्यातल्या एका आंबावडे गावाच्या नावामागे ‘फौजी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी लढता लढता पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे माणगावकडचे. पण पेण-रोह्याची गोष्ट वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखी आहे. इथे कारखाने आहेत. पेणच्या डोलवीला पोलाद, रोह्याच्या नागोठण्याला पेट्रोकेमिकल, धाटावला रसायनं, आणि हमरापूर-जोह्याला गणपती. विकत घेणारा आणि विकणारा दोघेही एका दिवा-रोहा गाडीच्या अंतरात. धंदा इथे नाही उभा राहणार तर कुठे?

आपल्या मुलखात जखमेची किंमत ठरवण्याची रीत जुनी आहे. सभासदाची बखर छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. त्यात १६५९च्या प्रतापगडच्या प्रसंगानंतरची नोंद येते. जे पडले त्यांच्या घरची व्यवस्था लावली आणि जखमींना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत दिले. ‘जखम पाहून’ हे फार महत्त्वाचं. सगळ्यांना सारखं नाही. ज्याचं जितकं गेलं, तितकं त्याला. मेलेल्या शिपायाच्या पोरांसाठी मराठी दफ्तरात ‘बालपरवेशी’ असा गोड शब्दही आहे.

आजचं मेडिकल बोर्ड जखम पाहूनच टक्के लावतं. वीस टक्क्यांच्या आत अपंगत्व असेल तर सहसा अपंगत्वाची पेन्शन नाही. पाचव्या वेतन आयोगानंतर नोकरीतून बोर्डआऊट झालेल्यांसाठी पायऱ्या ठरल्या. पन्नासच्या आतलं पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तरमधलं पंचाहत्तर, त्यापुढचं शंभर. अपंगत्व ‘लष्करी सेवेमुळे आलं’ की ‘सेवेमुळे वाढलं’ की दोन्ही नाही, यावर कागदांचे ढीग लागतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की भरती होताना जो निरोगी होता, त्याच्या आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर आहे. महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये हात सैल सोडला. शहिदांच्या कुटुंबाची मदत पंचवीस लाखांवरून एक कोटी झाली आणि अपंगत्व आलेल्या जवानांसाठी टक्क्यांप्रमाणे वीस, चौतीस आणि साठ लाख ठरले. होन बदलले, हिशेबाची रीत तीच राहिली. ती चांगली रीत आहे, यात वाद नाही.

पण हे झाले जखमेचे टक्के. टक्के आणखी एका ठिकाणी लावता येतात, खरेदीत. आणि तिथे आपला सैनिक कुठे दिसत नाही.

केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून खरेदी करण्याचं धोरण आणलं. आज त्याप्रमाणे केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी पंचवीस टक्के या छोट्या उद्योगांकडून घ्यायची आहे. त्या पंचवीसात चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे, तीन टक्के महिलांचे. छोट्या उद्योगाला टेंडरची बयाणा रक्कम माफ. त्याचा भाव सर्वांत कमी भावापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत वर असला, तरी तो खाली आणून काम घेण्याची संधी. उत्तम तरतुदी आहेत. अपंग माजी सैनिकाला त्या लघुउद्योजक म्हणून लागू होतात, अपंग माजी सैनिक म्हणून नाही. त्याच्या नावाचा टक्का त्या यादीत नाही. शिवाय हे धोरण माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसता माल आणून विकणाऱ्यासाठी नाही. आणि ते केंद्राचं आहे. रोह्याच्या पंचायत समितीला ते बंधनकारक नाही.

राज्याला असे वाटे घालायची सवय नाही असंही नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकामाच्या कार्यालयात ‘काम वाटप समिती’ हे शब्द उच्चारून पाहा, कुणीही सांगेल. छोट्या कामांचा एक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना, एक हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेला इतर ठेकेदारांना. साधारण तीन वाटे. गावातली संरक्षक भिंत, शाळेची दुरुस्ती, गटार, समाजमंदिर यांची कामं अशी वाटली जातात. मजूर संस्थेत मजूर किती आणि संचालकांचे भाचे किती, हा प्रश्न विचारायचा नसतो. पण तत्त्व तर मान्य आहे: सरकारी काम ही नुसती खरेदी नाही, कुणाला तरी उभं करायची संधी आहे. हे तत्त्व मजुराला लागलं, अभियंत्याला लागलं. तिसऱ्या वाट्यातला एखादा तुकडा फौजीला द्यावा, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

मग फौजीसाठी राखलेलं असं काय आहे? संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे. फौजी त्याला डीजीआर म्हणतात. त्याची सर्वांत चालती योजना म्हणजे सुरक्षा एजन्सी. डीजीआरच्या यादीत नाव लागलेल्या एजन्सीला सार्वजनिक कंपन्यांची रखवालीची कामं मिळतात. २०१२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्या रक्षकांत नव्वद टक्के माजी सैनिक हवेत. राज्यांनीही महामंडळं काढली. पंजाबचं पेस्को १९७८चं. आपलं महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, पुण्याहून चालतं. त्याचंही ठळक काम रक्षक पुरवणं.

आता गंमत बघा. २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात रक्षक घेताना माजी सैनिकाला पसंती देण्याची तरतूद आहे. आणि त्याच कायद्याखाली केंद्राने २००६ साली जे नमुना नियम केले, त्यांत रक्षकाला सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता आलं पाहिजे, असं लिहिलं आहे. गुडघ्याखाली जयपूर फूट लावलेल्या हवालदाराने हे वाचून हसावं की रडावं? सरकारी कामांतलं जे एक दालन फौजींसाठी उघडलं, त्याच्या उंबऱ्यावरच धावण्याची परीक्षा. एजन्सीचा मालक होता येईल म्हणा. पण त्यासाठी भांडवल, महिन्या-दोन महिन्यांचे पगार आधी वाटण्याची ताकद आणि दिल्लीशी पत्रव्यवहार हवा. नाईक किंवा शिपाई म्हणून बाहेर पडलेल्याला ते सहसा झेपत नाही. एजन्स्यांचे मालक बहुतेक अधिकारी असतात, फाटकावर उभे जवान असतात. पलटणीतली उतरंड फाटकापर्यंत येते.

या दालनालाही पेण-रोह्यात जमीन कमी. ज्या मोठ्या सरकारी प्रकल्पांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे, तिथे एजन्सीचा प्रश्नच नाही. आणि उरलेले मोठे कारखाने सरकारी राहिले नाहीत. नागोठण्याचा आयपीसीएलचा प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातला होता. २००२ साली कंपनी रिलायन्सकडे गेली. मालक बदलला की सार्वजनिक क्षेत्राचे सगळे नियम गळून पडतात. नव्या मालकाने फौजी ठेवावेत की नाही, हा त्याच्या मर्जीचा भाग.

कोळसा वाहतुकीची योजना आहे, आणि ती आपल्या राज्यात चालू शकते, पण विदर्भात. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींवर माजी सैनिकांच्या कंपन्या कोळसा भरून वाहून नेतात आणि अशा कंपन्यांना वीरपत्नी व अपंग जवान टिपर जोडू शकतात. ठराविक रक्कम ठेवायची, दरमहा ठराविक रक्कम घ्यायची. वाचताना धंदा वाटतो. प्रत्यक्षात तो ठेवीवरच्या व्याजासारखा एक प्रकार आहे. चंद्रपूरचा टिपर रोह्याच्या माणसाने कधी डोळ्यांनीही बघायचा नाही.

राहिला पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी. सामान्य माणसाच्या मनात ‘सैनिकाला सरकार पंप देतं’ हे जे पक्कं बसलं आहे, ते कारगिलनंतरचं. १९९९ साली ‘ऑपरेशन विजय’मधल्या शहिदांच्या घरच्यांना आणि अपंग झालेल्यांना खास पंप व एजन्स्या दिल्या गेल्या. पुढे २००२ मध्ये देशभरच्या पंपवाटपात वशिलेबाजीचा गदारोळ झाला, सरकारने सरसकट वाटप रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट निर्णय मोडीत काढला. आज पंपासाठी संरक्षण दलांतल्या लोकांचा राखीव गट आहे, त्यात अपंगांना अग्रक्रम आहे, डीजीआर पात्रतेचा दाखला देतं. पण आधी जागा लागते. मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ रस्त्याला लागून जागा! पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ पासून चाललंय आणि रस्ता पुरा होण्याआधीच जमिनीचे भाव पुरे झालेत. अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ उघडला, पेणची गावं सरकारने आखलेल्या नव्या नगराच्या १२४ गावांच्या यादीत गेली. पावसाळी भाताची दोन-चार गुंठे खारजमीन असलेल्या घरातला जवान महामार्गावर पंपाची जागा कुठून आणणार? तो आणत नाही. दुसरा कुणी आणतो. मग दाखला याचा, पैसा त्याचा, पाटीवर नाव याचं आणि गल्ल्यावर मुलगा त्याचा. हे सर्वांना माहीत असतं आणि कुणीच लिहून देत नाही.

एक धंदा मात्र खरोखर या माणसासाठी बेतल्यासारखा होता. पिवळ्या रंगाचा एसटीडी-पीसीओ बूथ. ते वाटताना अपंगांना आणि माजी सैनिकांना अग्रक्रम असे. बसून करायचं काम, भांडवल थोडं, गिऱ्हाईक आपण होऊन दाराशी, आणि गावातला मान वेगळाच, कारण गावातली बरीच सुखदुःखं आधी बूथवाल्याला कळायची. मोबाइल आला आणि पाच-सात वर्षांत बूथ गेले. त्याच्या जागी काय द्यावं याचा विचार झाला नाही.

इथे अमेरिकेकडे बघायला हरकत नाही. तिथे १९९९च्या कायद्याने केंद्र सरकारच्या ठेक्यांपैकी तीन टक्के मूल्य अशा छोट्या उद्योगांना जावं असं उद्दिष्ट ठरलं, ज्यांचा मालक सेवेत अपंगत्व आलेला माजी सैनिक आहे. किमान ५१ टक्के मालकी त्याची हवी आणि कारभारही त्याच्याच हातात हवा. २००३ साली नुसतं उद्दिष्ट पुरेसं नाही हे ध्यानात आलं, म्हणून अशा उद्योगांपुरतीच टेंडरं मर्यादित करण्याचा अधिकार खात्यांना मिळाला. २०२३च्या डिसेंबरमध्ये तीनाचे पाच टक्के झाले. माजी सैनिकांच्या कल्याणाचं जे खातं आहे, त्याला तर आणखी कडक नियम: असे दोन उद्योग वाजवी भावात बोली लावतील अशी शक्यता दिसली, तर टेंडर त्यांच्यापुरतंच ठेवायचं. खात्याने पळवाट काढली, किंग्डमवेअर नावाची एक छोटी कंपनी कोर्टात गेली आणि २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खात्याला सुनावलं की हा नियम ऐच्छिक नाही.

तिथेही लबाडी आहेच. अपंग सैनिकाचं नाव भाड्याने घेऊन कंत्राटं लाटणाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं. म्हणून प्रमाणपत्राची छाननी कडक झाली, आणि २०२३ पासून ते काम लघुउद्योग प्रशासनाकडे गेलं. पेणच्या पंपावरचा भागीदार आणि तिकडचा ठेकेदार हे एकाच कुळीचे. फरक इतकाच की तिकडे ‘कारभार कुणाच्या हातात’ हा प्रश्न विचारणारं कार्यालय आहे.

आता आपण एक हवालदार कल्पनेतला घेऊ. गाव हमरापूरच्या आसपास, उजवा पाय सुरुंगात गेलेला, वय अडतीस. पेणच्या या पट्ट्यात बाराही महिने गणपतीचे कारखाने चालतात. कारखाना म्हणजे इथे धुराडं नव्हे. पत्र्याची शेड, ओळीने मांडलेल्या मूर्ती, रंगाचा वास आणि डोळ्यांची आखणी करणारा एक एकाग्र माणूस. हे काम बसून होतं. त्याने कारखाना काढायचा ठरवला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक आणि दिव्यांग दोघेही विशेष गटात येतात. स्वतःचे पाच टक्के घालायचे. ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान, शहरी भागात पंचवीस. वीस लाखांचा प्रकल्प हमरापुरात उभा केला तर सात लाख अनुदान, पेण नगरपालिकेच्या हद्दीत केला तर पाच. अनुदान तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं, बाकीचं कर्ज. बँकेत जायचं तर पेणमध्ये बँक या शब्दाला २०१० नंतर वेगळाच वास आहे. त्या वर्षी पेण अर्बन बँकेचा घोटाळा उघडा पडला आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. तरी समजू, कर्ज मिळालं. कारखाना उभा राहिला.

म्हणजे भांडवल देताना सरकारला तो माजी सैनिकही दिसला आणि दिव्यांगही दिसला. माल घेताना दोन्ही दिसत नाहीत. अर्थात सरकार गणपती विकत घेत नाही, हे मलाही कळतं. पण त्याच हवालदाराने त्याच शेडमध्ये शाळेचे बाक केले, दवाखान्याच्या चादरी शिवल्या, वह्या छापल्या, तर? रायगडच्या शाळा, आरोग्य केंद्रं, वसतिगृहं, नगरपालिका हे सगळं दरवर्षी घेतच असतात. मिळालंच काम, तर बिलाचा प्रश्न उरतो. छोट्या उद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यावं, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं २००६चा कायदा सांगतो. आणि २०२५ साली राज्यातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर बसले होते. व्याज मागणारा पुढच्या वर्षी टेंडरला दिसत नाही, हे कायद्यात लिहिलेलं नसतं.

आणि खासगी कारखाने? डोलवी, नागोठणे, धाटाव. त्यांच्यावर खरेदीचा टक्का लादता येत नाही, लादूही नये. पण २०१३च्या कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीच्या दोन टक्क्यांतून ज्या कामांवर खर्च करता येतो, त्यांत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या कुटुंबीयांचं कल्याण नावानिशी आहे. म्हणजे कंपनीने हवालदाराला तीनचाकी सायकल दिली, फोटो काढला, तर तो सामाजिक खर्च. त्याच हवालदाराकडून कामगारांसाठी हजार जोड सुरक्षा बूट घेतले, तर तो नुसता व्यवहार. त्याचं पुण्य वहीत चढत नाही. दान नोंदलं जातं, गिऱ्हाइकी नोंदली जात नाही. मला विचाराल तर माणसाला उभं करायला हजार जोड बूट जास्त उपयोगी.

पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्यांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक शाळा निघाली. पुढे ती खडकीला गेली आणि आजही चालू आहे. पुण्यातच १९४४चं कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला कंबरेखाली लुळे पडलेल्यांचं केंद्र आहे. हात शिकवायला आणि पाय बसवायला आपण शंभर वर्षांपूर्वीच सुरुवात केली; त्या हातांचा माल घ्यायला मात्र नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचं पोट मात्र पदकाने नाही, पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीने भरलं. अर्जुन पुरस्कार जाहीर व्हायला २०२५ साल उजाडलं.

पेणहून वडखळ, पोयनाडमार्गे अलिबागला जाणारी एसटी धरली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठता येतं. लोक त्याला अजून ‘सैनिक बोर्ड’च म्हणतात. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, मेडिकल बोर्डाचा कागद, एवढं पिशवीत असलं की बरीच कामं मार्गी लागतात: मुलांची शिष्यवृत्ती, घरपट्टीची माफी, ओळखपत्र. हे कागद ज्याच्याकडे आहेत त्याची छाननी एकदा झालेलीच असते. जखम खरी आहे, किती टक्के आहे, कुठे झाली, हे सरकारने स्वतः तपासून शिक्का मारलेला असतो. अमेरिकेला जे प्रमाणपत्र देण्यासाठी कार्यालय चालवावं लागतं, त्याचा अर्धा भाग आपल्याकडे अलिबागच्या कपाटात तयार आहे.

उरलेला अर्धा भाग उद्यम नोंदणीत आहे. २०२०च्या जुलैपासून छोटा उद्योग नोंदवायला हाच ऑनलाइन अर्ज भरतात. पेण बाजारपेठेतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तो भरून मिळतो. नाव, आधार, उद्योगाचा पत्ता, आणि मध्ये एक रकाना: दिव्यांग, होय की नाही. दुकानातला मुलगा विचारतो, आपला हवालदार ‘होय’ सांगतो, मुलगा टिचकी मारून पुढच्या रकान्याकडे जातो.